रात्रीच्या खिडकीतली बेरीज

रात्री दहानंतर आमचं दार बंद.
उघडी राहते फक्त वहीच्या पानाएवढी खिडकी.
तिच्यातून आत येतात
हातमोज्यातली नाणी, तोंडची वाफ,
आणि बियाविस्तोकभरची दुखणी,
जी दिवसा कामावर असतात
आणि रात्री मोकळी होतात.

उणे चौदा.
खिडकीशी झेनॉन, बस डेपोतला फिटर,
फुटक्या नळाला फडकं गुंडाळावं
तसा गालाभोवती मफलर.
"इर्मिनाबाई, दाढ. डॉक्टर गुरुवारी.
पांढरं खोकं संपलं. जरा जोरकस काहीतरी द्या."

मी फडताळाकडे हात नेला
आणि सवयीने विचारलं,
(ही सवयच माझी खरी पदवी,
भिंतीवरची चौकटीतली नव्हे)
"सकाळपासून काय काय घेतलंत?"

त्यानं खिसे उलटे केले.
पांढरं खोकं, रिकामं.
लिंबाच्या चवीची पूड, कारण नाकही वाहत होतं.
आणि शेजारच्या हालिनानं प्रेमानं दिलेल्या गुलाबी गोळ्या,
डोक्यासाठीच्या,
"पण दाढ काय पायात असते?"

तीन रंग, तीन नावं, तीन कारखाने.
मी भिंग बाहेर सरकवलं.
"मागची बाजू वाचा. बारीक अक्षर."
तो ओठ हलवत वाचू लागला:
पॅरासिटामॉल.
दुसऱ्यावर पॅरासिटामॉल.
तिसरं खोकं त्यानं उलटलंच नाही, नुसतं धरून राहिला.

एकाच माळेचे मणी, झेनॉन,
धागा तेवढा खोक्याच्या आत.

मग मी पावतीच्या पाठीवर मांडलं:
पांढऱ्या, दोन दोन करून आठ.
तिथंच खरं तर दिवस संपला होता.
पूड तीनदा; एकेक पुडी दोन गोळ्यांइतकी,
म्हणजे सहा.
गुलाबी चार.
अठरा.
"आणि वोदका?"
"दोन छोटे पेले. चूळ भरायला."
"थुंकलीत?"
तो माझ्याकडे असा बघत राहिला,
जणू मी त्याला ब्रेड फेकून द्यायला सांगितला.

"पण मला काहीच होत नाहीये. दाढ सोडली तर."

तेच तर.
दाढ बोंबलते, अख्खी चाळण करते रात्रीची.
यकृताला ओरडता येत नाही.
पहिल्या दिवशी ते गप्प,
दुसऱ्या दिवशीही म्हणतं, चाललंय ठीक,
आणि बोलायला लागतं तेव्हा
ऐकणाऱ्याला उशीर झालेला असतो.

मी फोन उचलला.
"दाढेसाठी रुग्णवाहिका! डेपोत जन्मभर हसतील."
हसू देत.
हसायला तुम्ही असाल समोर.

दहा मिनिटं आम्ही खिडकीच्या दोन बाजूंना.
मी आतून, तो बर्फात.
नियमानं दार उघडता येत नाही.
मी उघडलं.
खुर्चीवर बसून तो बुटांवरचा बर्फ
पुन्हा पुन्हा झटकत राहिला,
आणि मी पावती दुमडून त्याच्या खिशात घातली,
डॉक्टरांना दाखवायला:
किती, कधी, कशासोबत.
माझं अक्षर बरं नाही. पण आकडे ठसठशीत काढले.

तो गेल्यावर खिडकीच्या कठड्यावर
तीन खोकी राहिली.
मी ती रात्रभर तशीच ठेवली.
नंतर कुणी खोकत आला, कुणी कंबर धरून,
त्यांनी मागितलं ते देण्याआधी
माझी नजर तिकडं जाई.

मार्चमध्ये तो आला, भर दुपारी, दारातून.
दाढ नव्हती. त्या जागी हसू जरा वाकडं.
काउंटरवर काकडीच्या लोणच्याची बरणी ठेवली,
बायकोनं पाठवलेली.
चार दिवस सलाइन लावली होती म्हणे,
चार दिवस त्यानं छताच्या फरशा मोजल्या.
मग घसा खाकरून:
"गुडघा दुखतोय हो. ते दुसरं, आयबुप्रोफेन की काय, चालेल?"

"रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे ना तुमची,
हृदयाची?"

त्यानं मान हलवली.
आणि मी विचारायच्या आधीच
मुकाट्यानं खिसे उलटे केले.